पर्म्युटेशनचा गुणाकार: सॉफ्टवेअर आधी कोणतं वाचतं?

पुस्तकात (१,२,३)(१,२) = (१,३) असं छापलेलं असतं. तेच गॅप या ग्रुप थिअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये मधे * घालून टाइप करून एंटर दाबलं की उत्तर येतं (२,३). नवख्या माणसाला आधी वाटतं की सॉफ्टवेअर गंडलंय, आणि मग वाटतं की आपल्यालाच गुणाकार येत नाही. दोन्ही खरं नसतं. पुस्तकाने उजवीकडचं पर्म्युटेशन आधी लावलं, गॅपने डावीकडचं, एवढाच फरक. पण हा एवढासा फरक पुढे कॉन्जुगेशन, कोसेट, मॅट्रिक्स आणि याद्यांची उलथापालथ अशा सगळ्यांत झिरपतो, आणि तिथे तो चटकन दिसत नाही. म्हणून सुरुवातीलाच त्याचा बंदोबस्त केलेला बरा.

ग्रुप थिअरीचा पहिला कोर्स झालाय आणि आता गॅप, सेजमॅथ किंवा सिम्पाय उघडून बसलात, अशांसाठी हा लेख आहे. दोन गोष्टी आधीच सांगतो. इथले आकडे देवनागरीत आहेत. कीबोर्डवर टाइप करताना नेहमीचे इंग्रजी आकडे वापरा. आणि क, ख ही पर्म्युटेशनची नावं आहेत, तुमच्या फाइलमध्ये हवी ती द्या.

पायरी १: आधी कागदावर, दोन्ही बाजूंनी

क = (१,२,३) म्हणजे १ जातो २ वर, २ जातो ३ वर, ३ परत १ वर. ख = (१,२) म्हणजे १ आणि २ ची अदलाबदल, ३ जागेवर. आता कख काढायचंय.

डावीकडून वाचू. आधी क, मग ख. १ चं काय होतं? क त्याला २ वर नेतो, ख त्या २ ला १ वर आणतो. म्हणजे १ घरीच. २ ला क नेतो ३ वर, ख ३ ला हात लावत नाही, म्हणजे २ → ३. ३ ला क आणतो १ वर, ख त्याला २ वर पाठवतो, म्हणजे ३ → २. उत्तर (२,३).

आता उजवीकडून. आधी ख, मग क. १ ला ख नेतो २ वर, क त्याला ३ वर नेतो: १ → ३. २ ला ख आणतो १ वर, क परत २ वर: २ जागेवर. ३ ला ख काही करत नाही, क १ वर आणतो: ३ → १. उत्तर (१,३).

ही दोन उत्तरं एकदा स्वतःच्या हाताने काढा. पुढच्या सगळ्या चाचण्या याच दोन ओळींवर उभ्या आहेत.

दोन पद्धती आल्या कुठून? फलनाचं नाव आपण बिंदूच्या कोणत्या बाजूला लिहितो, त्यावरून. क(१) असं लिहिण्याची सवय असेल तर क(ख(१)) मध्ये बिंदूच्या जवळ ख आहे, म्हणून ख आधी लागतो आणि (कख)(१) = क(ख(१)) हे आपोआप येतं. सांत ग्रुपवर काम करणाऱ्यांची जुनी सवय मात्र वेगळी: बिंदू आधी लिहायचा आणि पर्म्युटेशन घातांकासारखं डोक्यावर, १^क. मग (१^क)^ख हे १^(कख) असायला हवं, आणि त्यात क आधी लागतो. म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या लेखनाशी प्रामाणिक आहेत. भांडण करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याची पंचाईत अशी की नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतही एकवाक्यता नाही. गॅलियनचं पुस्तक उजवीकडून डावीकडे गुणतं. हर्स्टाइनच्या ‘टॉपिक्स इन अल्जिब्रा’मध्ये फलन बिंदूच्या उजवीकडे लिहिलेलं आहे आणि गुणाकार डावीकडून उजवीकडे चालतो. एकावरून वर्ग शिकवला जातो, दुसऱ्यातून गणितं दिली जातात, आणि पोरं उत्तरं जुळत नाहीत म्हणून रात्री जागतात.

पायरी २: चाचणीची ओळ, आणि फसव्या चाचण्या

कोणतंही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलंत की सगळ्यात आधी हे करा:

(१,२,३)*(१,२)

उत्तर (२,३) आलं तर डावीकडचं आधी. (१,३) आलं तर उजवीकडचं आधी. गॅपमध्ये ही ओळ जशीच्या तशी चालते, शेवटी फक्त अर्धविराम हवा. मॅन्युअल वाचू नका असं म्हणत नाही, पण मॅन्युअलमधलं वाक्य तुम्ही कोणत्या मनःस्थितीत वाचता त्यावर त्याचा अर्थ बदलतो; ही ओळ बदलत नाही.

हीच ओळ का? कारण बऱ्याच साध्या चाचण्या काहीच सांगत नाहीत. (१,२) आणि (३,४) घेतलेत तर ती एकमेकांना आड येत नाहीत, दोन्ही बाजूंनी एकच उत्तर. (१,२) आणि (२,३) घेतलीत तर डावीकडून (१,३,२) येतं आणि उजवीकडून (१,२,३). चाचणी बरोबर आहे, पण दोन उत्तरं दिसायला इतकी सारखी की डोळा चकतो.

सगळ्यात फसवी चाचणी म्हणजे ऑर्डर. कख आणि खक ही नेहमीच एकमेकांची कॉन्जुगेट असतात (खक काढायला कख च्या डावीकडे क^-१ आणि उजवीकडे क लावा, झालं). त्यामुळे दोघांची ऑर्डर सारखी, सायकलींची लांबी सारखी, सम-विषमपणाही सारखा. ‘माझ्या गुणाकाराची ऑर्डर पुस्तकाशी जुळली’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. तसंच क आणि ख पासून तयार होणारा ग्रुप: संच म्हणून तो दोन्ही पद्धतींत तोच असतो, आकार तोच, उपग्रुप तेच. ग्रुपची ऑर्डर बरोबर आली म्हणून निर्धास्त झालेली माणसं पुढे कुठल्या तरी होमोमॉर्फिझमवर अडकतात, ती याचमुळे.

पायरी ३: आपलं सॉफ्टवेअर कुठे बसतं

गॅपपासून सुरू करू, कारण बाकीच्यांपैकी बरेच जण त्याच नियमाने चालतात. १९८६ मध्ये जर्मनीत आखेनला योआखिम नॉयब्युझर यांच्या विभागात त्याचं काम सुरू झालं. तिथली परंपरा घातांक-लेखनाची, म्हणून गॅपमध्ये बिंदूवर पर्म्युटेशन लावायचं तर १^(१,२,३) असं लिहायचं. उत्तर २. क(१) असं लिहिलंत तर गॅप ऐकणारच नाही, आणि ते एका अर्थी चांगलंच आहे, कारण चुकीच्या सवयीला सुरुवातीलाच लगाम बसतो. मूळ बिंदू हवा असेल तर १/(१,२,३) लिहा: १ वर कोण येऊन पोचतं? ३.

गॅपमध्ये दोन बारीक खड्डे आहेत. एक, (१,२)(२,३) असं मध्ये काही न लिहिता टाइप केलं तर ते एकाच पर्म्युटेशनचं सायकल-लेखन समजलं जातं, आणि त्यात सायकली सुट्या असाव्या लागतात. २ दोनदा आला म्हणून एरर मिळते. गुणाकार हवा तर मधे * हवाच. दोन, १^(१,२)*(२,३) या ओळीत ^ आधी धरला जातो, मग २*(२,३) उरतं, आणि पूर्णांक गुणिले पर्म्युटेशन म्हणजे काय हे गॅपला माहीत नाही. कंस घाला: १^((१,२)*(२,३)).

मॅग्मा हे सिडनी विद्यापीठात जॉन कॅनन यांच्या चमूने केलेलं, १९९३ मध्ये आलेलं, आधीच्या ‘केली’ या सॉफ्टवेअरचा वारसदार. तिथेही घातांक-लेखन, तिथेही डावीकडचं आधी. जुलियावर चालणाऱ्या ऑस्करच्या पोटात गॅप आहे, त्यामुळे तोच नियम. मॅथेमॅटिकात २०१० च्या आठव्या आवृत्तीपासून पर्म्युटेशनसाठी वेगळ्या कमांड आहेत. त्यातल्या ‘पर्म्युटेशनप्रॉडक्ट’ला दिलेली पर्म्युटेशन दिलेल्या क्रमाने लागतात, म्हणजे पुन्हा डावीकडचं आधी.

सेजमॅथवर जरा थांबावं लागेल. तिथे पर्म्युटेशन दोन वेगवेगळ्या घरांत राहतात. एक घर ग्रुपचं: सिमेट्रिक ग्रुप बनवून त्याचे घटक घेतलेत तर ते गॅपच्या नियमाने गुणले जातात. दुसरं घर कॉम्बिनेटोरिक्सचं: तिथे पर्म्युटेशन [२,३,१] अशा यादीने लिहिलं जातं. या दुसऱ्या घरातही मुळात डावीकडचं आधीच लागतं, पण तिथे एक जागतिक सेटिंग आहे, ‘मल्ट’ नावाचं, ज्याने क्रम उलटा करता येतो. ते बदललं की यादीवाली पर्म्युटेशन उजवीकडून गुणली जातात आणि ग्रुपवाली होती तशीच राहतात. एकाच नोटबुकात दोन कायदे! ती सोय वापरू नका असं मी तरी सांगेन, निदान दुसऱ्या कोणासोबत नोटबुक वाटून घेताना तरी. क्रम स्पष्ट करायचाच असेल तर त्या घरात डाव्या आणि उजव्या क्रियेच्या गुणाकारासाठी वेगळ्या नावाच्या मेथड आहेत, त्या वापरा; वाचणाऱ्याला सेटिंग शोधत बसावं लागत नाही.

सेजमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट दिसेल. तिथे क(१) असं लिहिता येतं, आणि गुणाकार मात्र डावीकडून. म्हणजे (क*ख)(१) हे ख(क(१)) असतं. आपल्या पायरी १ मधले क, ख घ्या: (क*ख)(१) चं उत्तर १ येईल, क(ख(१)) चं ३. फलनासारखं दिसतं म्हणून फलनासारखंच जोडलं जाईल, हा समज इथे मोडतो. सिम्पायचीही हीच तऱ्हा: क*ख चं i-वं मूल्य म्हणजे ख(क(i)). (हा i म्हणजे कुठलाही बिंदू, घाबरायचं कारण नाही.) सिम्पायवाल्यांनी उलट्या क्रमासाठी ‘आरमल’ नावाची वेगळी सोय ठेवली आहे, तिला क, ख दिलेत तर क(ख(i)) मिळतं.

सिम्पायमध्ये मोजणी ० पासून आहे हे विसरू नका. (१,२,३) दिलंत तर ते चार बिंदूंवरचं पर्म्युटेशन होतं, ० आपल्या जागी. गॅपमध्ये ० चालतच नाही, फक्त धन पूर्णांक. आणि १^क हे लेखन सिम्पायमध्येही चालतं, पण पायथॉनमध्ये ^ हे चिन्ह * च्या नंतर धरलं जातं. म्हणून १^क*ख म्हणजे १^(क*ख). गॅपच्या नेमकं उलट. दोन्हीकडे काम करणाऱ्याने कंस घालायची सवय लावून घ्यावी, उगाच हुशारी नको.

पायथॉनमध्येच दुसरा एक सापळा आहे आणि तो मी सगळ्यात जास्त लोकांना चावताना पाहिलाय. नमपायच्या ॲरेने पर्म्युटेशन लिहिलं, क = [१,२,०] आणि ख = [१,०,२]. मग क[ख] काढलं. मिळतं [२,१,०]. कारण क[ख] चं i-वं पद म्हणजे क[ख[i]], ख आधी. याच दोन याद्या सिम्पायला देऊन * ने गुणल्या तर मिळतं [०,२,१]. एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक ओळीत, दोन वेगळी उत्तरं, आणि एररचा पत्ता नाही. मॅटलॅबमध्ये वेक्टरने क(ख) केलंत तरी नमपायचाच क्रम लागतो. थोडक्यात, * दिसलं तर डावीकडचं आधी असण्याची शक्यता जास्त. कंसातला कंस दिसला तर आतलं आधी.

पायरी ४: कॉन्जुगेशन, जिथे खरी फसगत होते

गुणाकारातला फरक चाचणीत दिसतो. कॉन्जुगेशनमधला दिसत नाही, कारण तो सूत्रात लपलेला असतो.

डावीकडून गुणणाऱ्या जगात क चं ख ने कॉन्जुगेशन म्हणजे ख^-१*क*ख. गॅपमध्ये ते क^ख असं लिहितात. याचा सुंदर गुण असा की क च्या सायकलीत प्रत्येक आकड्याच्या जागी त्याची ख ने होणारी प्रतिमा लिहायची, की झालं. (१,२,३)^(१,४) विचारा: १ च्या जागी ४, म्हणजे (४,२,३), आणि गॅप लहान आकड्यापासून सुरू करून छापतं (२,३,४). उजवीकडून गुणणाऱ्या जगात हाच ‘आकडे बदला’ नियम लागू पडतो, पण सूत्र असतं ख क ख^-१. इनव्हर्सची बाजू बदलते.

आता एक खरं उदाहरण घेऊ. पाच बिंदूंवर

क = (१,२,३,४,५)
ख = (२,३,५,४)

ही दोन मिळून २० घटकांचा ग्रुप बनवतात. ख काय करतं ते पाहा: बिंदूंना १ ते ५ ऐवजी ० ते ४ म्हटलं तर ते मॉड्युलो ५ मध्ये दुप्पट करणं आहे. आकडे बदलून क^ख काढा. १ तसाच, २ च्या जागी ३, ३ च्या जागी ५, ४ च्या जागी २, ५ च्या जागी ४. मिळालं (१,३,५,२,४), आणि हे क चा वर्ग आहे. गॅपमध्ये ख^-१*क*ख = क^२.

समजा तुमचं पुस्तक उजवीकडून गुणणारं आहे. त्यात संबंध छापला असेल ख क ख^-१ = क^२. तुम्ही तो जसाच्या तसा गॅपमध्ये टाकलात, ख*क*ख^-१. उत्तर येईल (१,४,२,५,३), म्हणजे क^३. कारण गॅपच्या दृष्टीने तुम्ही ख च्या इनव्हर्सने कॉन्जुगेट केलंत, आणि मॉड्युलो ५ मध्ये २ चा व्यस्त ३. दरम्यान ग्रुपची ऑर्डर विचाराल तर २०. क ची ऑर्डर ५, ख ची ४. सगळं पुस्तकाबरहुकूम, फक्त संबंध जुळत नाही. असं झालं की पर्म्युटेशन टाइप करताना चूक झाली असेल म्हणून आकडे तपासत बसू नका; आधी इनव्हर्सची बाजू बघा.

द्वितल ग्रुपमध्ये, म्हणजे चौरसासारख्या सम बहुभुजाच्या फिरवण्यांच्या आणि प्रतिबिंबांच्या ग्रुपमध्ये, ही चूक कधीच दिसत नाही. तिथला संबंध ‘प्रतिबिंब, फिरवणं, प्रतिबिंब म्हणजे उलट फिरवणं’ असा दोन्ही बाजूंनी सारखाच वाचता येतो. म्हणून सरावासाठी फक्त द्वितल ग्रुप वापरणाऱ्याला आपली पद्धत चुकीची आहे हे कळतच नाही. वरचा २० चा ग्रुप जवळ ठेवा.

कम्युटेटरचंही तसंच. गॅपमध्ये क, ख चा कम्युटेटर म्हणजे क^-१*ख^-१*क*ख. उजवीकडून गुणणाऱ्या पुस्तकात बहुधा क ख क^-१ ख^-१ दिसेल. तो गॅपमध्ये उलट क्रमाने लिहिलात तर ख^-१*क^-१*ख*क होतो, म्हणजे गॅपचा ख, क चा कम्युटेटर. क, ख च्या कम्युटेटरचा इनव्हर्स. कम्युटेटर उपग्रुप दोन्हीकडे तोच, पण हातात आलेला घटक वेगळा.

पायरी ५: याद्या आणि मॅट्रिक्स

यादीतल्या वस्तू पर्म्युटेशनने हलवायच्या तर प्रश्न आणखी एक: वस्तू हलते की आपण कुठून उचलायचं ते ठरतं? गॅपमधली ‘पर्म्युटेड’ कमांड वस्तू हलवते. [आंबा, काजू, फणस] या यादीवर (१,२,३) लावलं तर पहिल्या जागेवरचा आंबा दुसऱ्या जागी जातो, काजू तिसऱ्या, फणस पहिल्या: [फणस, आंबा, काजू]. पण त्याच पर्म्युटेशनची यादी [२,३,१] घेऊन मूळ यादीतून त्या त्या क्रमांकाचं पद उचललंत, तर [काजू, फणस, आंबा]. एकमेकांचे इनव्हर्स. मॅथेमॅटिकातही ‘पर्म्युट’ कमांड आणि दुहेरी चौकटी कंसाने उचलणं यांत हाच फरक. नमपायचं इंडेक्सिंग नेहमी ‘उचलणारं’ असतं.

मॅट्रिक्सचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: डावीकडून गुणणाऱ्यांचे वेक्टर आडवे, उजवीकडून गुणणाऱ्यांचे उभे. गॅप पर्म्युटेशनवरून मॅट्रिक्स बनवतं तेव्हा i-व्या ओळीत १ हा आकडा i^क च्या स्तंभात ठेवतं, आणि आडवा वेक्टर मॅट्रिक्सच्या डावीकडे लिहून गुणला जातो. त्यामुळे क*ख चं मॅट्रिक्स = क चं मॅट्रिक्स गुणिले ख चं, क्रम न बदलता. सेजच्या यादीवाल्या पर्म्युटेशनचं मॅट्रिक्स मात्र उभ्या वेक्टरसाठी असतं. म्हणून तिथे मॅट्रिक्सचा गुणाकार आणि पर्म्युटेशनचा गुणाकार जुळायला ते मघाचं ‘मल्ट’ सेटिंग उजवीकडून वाचणारं करावं लागतं; सेजच्या मदतीच्या पानावरही तसं सांगितलंय. मुळातल्या सेटिंगवर काम करताना मॅट्रिक्सचा क्रम उलटा येणार हे गृहीत धरा.

पायरी ६: स्वतःची क्रिया लिहिताना

गॅपमध्ये ऑर्बिट आणि स्टॅबिलायझर काढताना आपली क्रिया आपण फंक्शन म्हणून देऊ शकतो. गॅपची अट एकच: आधी क लावून मग ख लावलं काय किंवा एकदम क*ख लावलं काय, फळ तेच यायला हवं. आपण मॅट्रिक्सने उभा वेक्टर गुणणारं फंक्शन दिलं तर ही अट मोडते. गॅप दर वेळी तपासत बसत नाही, त्यामुळे ऑर्बिट कदाचित बरोबर येईल आणि स्टॅबिलायझर चुकीचा. उपाय: मॅट्रिक्स वेक्टरच्या डावीकडे ठेवूनच गुणायचं असेल तर इनव्हर्सने गुणा. त्यासाठी ‘ऑनलेफ्टइनव्हर्स’ नावाची तयार क्रिया गॅपमध्ये आहेच.

कोसेटचंही इथेच उरकतो. उजव्या क्रियेत १ ला एकाच जागी नेणारे घटक स्टॅबिलायझरच्या उजव्या कोसेटमध्ये असतात, स गुणिले क या रूपात (स म्हणजे स्टॅबिलायझर). उजवीकडून गुणणाऱ्या पुस्तकात ते डाव्या कोसेटमध्ये असतात. गॅपमध्ये उजव्या कोसेटच्याच कमांड का पुढे येतात याचं कारण हे.

होमोमॉर्फिझमच्या बाबतीत मात्र कोणाच्याही अंदाजावर जाऊ नका. गॅपमध्ये दोन मॅप * ने जोडले तर डावीकडचा आधी लागतो, पण ‘कॉम्पोझिशनमॅपिंग’ या कमांडला दोन मॅप दिले तर शेवटचा आधी. सेजमध्ये ग्रुपचे घटक * ने डावीकडून गुणले जातात आणि मॅप * ने उजवीकडून जोडले जातात. एकाच ओळीत दोन्ही आले की कागद घ्या.

पायरी ७: पुस्तकातून सॉफ्टवेअरमध्ये नेणं

दोन मार्ग आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिला: पर्म्युटेशन तशीच ठेवा, गुणाकाराचा क्रम उलटा लिहा. पुस्तकातलं क ख ग हे गॅपमध्ये ग*ख*क. इनव्हर्सच्या खुणा ज्या पर्म्युटेशनवर होत्या त्याच्यावरच राहतात. मघाचा ख क ख^-१ उलटा लिहिला की ख^-१*क*ख होतो, आणि क^२ मिळतो. छोट्या कामाला हाच मार्ग बरा.

दुसरा: क्रम तसाच ठेवा, प्रत्येक पर्म्युटेशनचा इनव्हर्स टाका. मग शेवटी जे उत्तर येईल त्याचाही इनव्हर्स घ्या. लांबलचक शब्द फाइलमधून वाचायचे असतील, क्रम उलटवणं किचकट असेल, तर हा सोयीचा. फक्त शेवटचा इनव्हर्स विसरता कामा नये.

परतीच्या वाटेवरही तेच. गॅपला एखादा घटक जनरेटरच्या रूपात लिहून मागितला तर जो शब्द मिळतो तो डावीकडून उजवीकडे लावायचा. तो तसाच उजवीकडून वाचणाऱ्या प्रबंधात चिकटवला की वेगळंच पर्म्युटेशन होतं. रुबिक क्यूबवाल्यांना मात्र हा त्रास नाही. त्यांच्या चाली मुळात डावीकडून उजवीकडे वाचायच्या असतात, त्यामुळे क्यूबच्या सहा बाजू ४८ स्टिकरांवरची पर्म्युटेशन म्हणून गॅपमध्ये टाकल्या की चालींची माळ जशीच्या तशी * लावून लिहिता येते. (त्या ग्रुपची ऑर्डर ४३२५२००३२७४४८९८५६००० येते, आणि वर म्हटल्याप्रमाणे, एखाद्याने सगळ्या चाली उलट्या क्रमाने वाचल्या तरी हा आकडा तोच येईल.)

भाषांतर करायचं ते एकाच ठिकाणी: बाहेरचा डेटा आत घेताना आणि उत्तर बाहेर देताना. मधल्या सगळ्या कोडमध्ये सॉफ्टवेअरचाच नियम पाळा. मध्येच ‘इथे पुस्तकाप्रमाणे’ म्हणून एखादं फंक्शन उलटं लिहिलंत, की दोन महिन्यांनी कोणता इनव्हर्स का आहे हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

पायरी ८: लिहून ठेवा

फाइलच्या अगदी वर, पहिल्या कोडच्या आधी, अशा तीन ओळींची टीप टाका:

गुणाकार: डावीकडचं आधी. (१,२,३)*(१,२) = (२,३)
कॉन्जुगेशन: क^ख = ख^-१*क*ख
मोजणी १ पासून. याद्यांमध्ये वस्तू हलतात

तुमचा नियम वेगळा असेल तर तो लिहा. ‘गॅपप्रमाणे’ किंवा ‘पुस्तकाप्रमाणे’ असं मोघम लिहू नका. सोडवलेलं उदाहरणच लिहा, कारण तेवढंच वाचणाऱ्याला पडताळून बघता येतं. आणि पहिली ओळ नुसती टीप म्हणून न ठेवता तपासणी म्हणूनही कोडमध्ये घाला: गुणाकार (२,३) आला नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबला पाहिजे. सेजमधलं सेटिंग कोणी बदललं, किंवा तुमचं काम कोणी सिम्पायमधून नमपायच्या ॲरेवर नेलं, तर तेव्हाच कळेल.